दुचाकी शिकविण्याची भाषा आणि नवशिक्याची सुरक्षितता

१. विषयप्रवेश

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव घ्यावे, किंवा वऱ्हाडातील त्याच्यासारखे दुसरे कोणतेही गाव घ्यावे; शेतावर जाणे, बाजार गाठणे, खताचे पोते आणणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे ही कामे पूर्वी बंडीने, एस. टी.ने किंवा पायी होत असत. आज ती बहुतांशी मोटारसायकलीने होतात. हे वाहन चालविण्याचे शिक्षण मात्र क्वचितच एखाद्या वर्गात मिळते. काका, थोरला भाऊ किंवा मित्र मागे बसतो वा शेजारून धावतो, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत चार-दोन दिवसांत हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते. म्हणजेच हे शिक्षण जवळजवळ सर्वस्वी मौखिक आहे. ते ज्या शब्दांतून दिले जाते त्या शब्दांचा अर्थ शिकणाऱ्याचे हातपाय तत्काळ करीत असतात. विचार करून अर्थ लावण्यास तेथे अवधी नसतो.

ह्या शिक्षणातील उणिवांचे मोल मोठे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातल्यामुळे प्राणास मुकलेल्यांची संख्या त्याच वर्षी ५०,०२९ अशी नोंदली गेली, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते.

मोटारसायकलीच्या भागांची नावे मराठीत बहुधा इंग्रजीतून आली आहेत: क्लच, गियर, ब्रेक, हँडल, स्टँड. ह्या नामांना मराठी प्रतिशब्द असावेत की नसावेत ह्याविषयी पुष्कळ चर्चा होते. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहू जाता तो प्रश्न गौण ठरतो. नाम परके असले तरी त्याला जोडलेले क्रियापद आणि क्रियाविशेषण मराठीच असते, आणि गाडी चालविण्याचे कौशल्य त्यांतच साठविलेले असते. शिकविणाऱ्याने कोणते क्रियापद वापरले ह्यावर पुष्कळदा शिकणारा पडतो की सावरतो हे अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात ह्याच गोष्टीचा उदाहरणांसह विचार केला आहे.

२. 'सोड' आणि 'सोडत जा'

शिकणाऱ्याला मिळणारी पहिली आज्ञा सामान्यतः अशी असते: "क्लच दाब, गियर टाक, आता क्लच सोड." ह्यातील 'सोड' हा शब्द घातक आहे. मराठीत 'सोडणे' ह्या क्रियापदाने हातातील दोर सोडून देणेही व्यक्त होते आणि पकड हळूहळू सैल करणेही व्यक्त होते. नुसत्या आज्ञार्थी 'सोड' मध्ये क्रिया एका क्षणात पुरी करण्याचा भाव प्रबळ असतो. नवशिका त्याप्रमाणे बोटे उघडतो. इंजिनाची शक्ती एकदम मागच्या चाकास मिळते, आणि गाडी एकतर धक्का खाऊन बंद पडते किंवा उसळी घेऊन पुढे धावते.

उसळी घेतल्यावर जे घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. गाडी पुढे जाते आणि स्वाराचे धड मागे रेलते. उजवा हात हँडलाला धरून असल्यामुळे मनगट खाली झुकते आणि ॲक्सिलेटर आणखी पिळला जातो. त्यायोगे गाडी अधिक वेग घेते, धड अधिक मागे जाते, मनगट अधिक झुकते. भेदरलेला मुलगा मूठ घट्ट आवळतो, आणि त्याच मुठीने तो ॲक्सिलेटर धरून ठेवीत असतो. ह्या चक्रातून सुटण्याचा मार्ग एकच: डाव्या हाताने क्लच पुरा दाबणे. क्लच दाबताच इंजिन आणि चाक ह्यांचा संबंध तुटतो. इंजिन कितीही ओरडले तरी गाडीला पुढे ढकलणारी शक्ती उरत नाही. यास्तव शिकविणाऱ्याने पहिल्याच दिवशी, गाडी सुरू करण्यापूर्वी, संकटकाळचा शब्द ठरवून द्यावा, आणि तो 'क्लच' हा असावा. "अरे थांब, थांब" ह्या ओरडण्यातून कोणता हात काय करील हे शिकणाऱ्यास कळत नाही.

आज्ञेतही पालट करणे सोपे आहे. 'सोड' ऐवजी 'सोडत जा' म्हटले की मराठीचे व्याकरणच शिकविणाऱ्याच्या साहाय्यास येते. '-त जाणे' ह्या संयुक्त क्रियापदाने क्रिया क्रमाक्रमाने होत राहण्याचा अर्थ येतो. "क्लच सोडत जा, गाडी ओढू लागली की बोटे तिथेच थांबव, मग उरलेला सोड" ह्या तीन खंडांच्या वाक्यात ह्या क्रियेचे सर्व शास्त्र सामावलेले आहे. तो मधला बिंदू, जेथे गाडी ओढू लागते, प्रत्येक गाडीत थोडा निराळा असतो. म्हणून दुसऱ्याची गाडी मागून आणली असेल तर तो प्रथम रिकाम्या जागेत शोधावा.

३. 'मारणे' ह्या क्रियापदाचा विस्तार

किक मारतात, सेल्फ मारतात, कट मारतात, आणि ब्रेकही मारतात. 'मारणे' हे क्रियापद मराठीत एका झटक्यात होणाऱ्या क्रियांना सहज चिकटते. किकच्या बाबतीत ते यथार्थ आहे, कारण किक ही एका झटक्याचीच क्रिया होय. ब्रेकच्या बाबतीत मात्र तेच क्रियापद चुकीची कृती शिकविते. झटक्याने आवळलेल्या ब्रेकने चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या पुढच्या चाकाला दिशा राहत नाही, आणि दिशा गेली की तोलही जातो.

ह्या भीतीतून गावोगाव एक समजूत रूढ झाली आहे, ती अशी की पुढचा ब्रेक लावूच नये, लावला की माणूस हँडलावरून पुढे फेकला जातो. ही समजूत अर्धसत्य आहे. वेग कमी होत असताना गाडीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड थोडी असल्यामुळे केवळ मागच्या ब्रेकने गाडी फार उशिरा थांबते. थांबण्याच्या शक्तीचा मोठा वाटा पुढच्याच चाकाकडे असतो. तेव्हा पुढचा ब्रेक वर्ज्य करणे हा त्यावरील उपाय नव्हे. तो 'मारण्या'ऐवजी 'दाबत जाण्या'ची सवय लावणे हा खरा उपाय होय. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा अलगद सुरू करून भार पुढे आल्यावर वाढवीत न्यावा. आणि वळणापूर्वीच वेग उतरवून घ्यावा.

'अलगद' ह्या शब्दाकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. अलगद, बेताने, दमाने, हळूच ही क्रियाविशेषणे शिकणाऱ्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली असतात. भरलेली घागर अलगद उतरवितात, चुलीत काटक्या बेताने सारतात, ओझे घेऊन दमाने चालतात. हाताच्या दाबाचे इतके सूक्ष्म प्रमाण सांगणारी परिभाषा बनविण्याचे कारणच नाही. ती भाषेत आधीपासून आहे. शिकविताना तिचा उपयोग करणे एवढेच उरते.

यंत्राचीही ह्या बाबतीत आता मदत होते. १ एप्रिल २०१८ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींसाठी नियम लागू झाला. त्यानुसार १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीत चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा, आणि त्याहून लहान गाडीत निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची योजना असावी लागते. परंतु खेड्यात नवशिक्याच्या हाती येणारी गाडी बहुधा घरातील जुनी असते. ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहून घेतलेले बरे.

थांबण्यास लागणारे अंतरही आकड्यांत सांगावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज लोटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर बेताचा चांगला ब्रेक लागला असे धरले तर पुढे आणखी सुमारे १० मीटर लागतात. म्हणजे एकूण २१. ताशी ६० किलोमीटरला हेच आकडे १७ आणि २३ होतात, एकूण ४०. वेग दीडपट होतो आणि अंतर जवळजवळ दुप्पट होते. 'अति घाई, संकटात नेई' हे रस्त्याकडेचे वाक्य यमकामुळे ध्यानात राहते, परंतु घाई म्हणजे किती हे ते सांगत नाही. २१ आणि ४० हे आकडे सांगतात.

४. संदिग्ध आज्ञा

"गियर खाली कर" ही आज्ञा वरवर पाहता स्पष्ट वाटते. वस्तुतः तिचे दोन अर्थ होतात: पायाने पट्टी खाली दाब, आणि खालच्या क्रमांकाचा गियर घे. काही मोटारसायकलींत पहिला गियर खाली आणि बाकीचे वर असतात. काहींत सर्वच गियर पट्टी पुढच्या बाजूने खाली दाबून चढतात. ह्या दुसऱ्या प्रकारच्या गाडीत "खाली कर" ऐकून पट्टी खाली दाबणारा मुलगा गियर उतरविण्याऐवजी चढवितो. ह्यावर उपाय सोपा आहे. दिशा सांगू नये, संख्या सांगावी: "दुसरा घे", "पहिला घे". संख्येला दोन अर्थ होत नाहीत.

निषेधार्थी आज्ञांचा दोष निराळा आहे. "त्या खड्ड्यात घालू नको" असे ओरडताच शिकणाऱ्याची नजर खड्ड्याकडे जाते, आणि दुचाकी नजरेच्या रोखाने जाते. स्वार जिकडे पाहतो तिकडे त्याचे खांदे आणि हात नकळत वळतात. 'नको' हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो; खड्डा त्याच्या आधीच मनात उभा राहिलेला असतो. म्हणून जे टाळावयाचे त्याचे नाव न घेता जेथे जावयाचे त्याचे नाव घ्यावे: "डावीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे बघ."

'वळव' ह्या शब्दाचेही तसेच आहे. चालण्याच्या वेगाने जाताना हँडल वळवावे लागते, हे खरे. वेग वाढल्यावर गाडी झुकून वळते, आणि डावीकडे झुकण्यासाठी हँडलाची डावी बाजू किंचित पुढे ढकलावी लागते. सायकल चालविणारा प्रत्येक जण हे न जाणता करतो. नवशिक्याने ते मोकळ्या रस्त्यावर जाणून करून पाहावे, म्हणजे अकस्मात समोर आलेला अडथळा टाळताना हात विरुद्ध दिशेने ओढला जाणार नाही.

५. बंडीचा वारसा

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि मोटारसायकलीला नुसते 'गाडी' म्हणतात. बंडी हाकतात, गाडी चालवितात. 'हाकणे' आणि 'हाक' हे शब्द एकाच मुळाचे होत. हाकणाऱ्याने हाक द्यावयाची आणि पाऊल बैलाने टाकावयाचे, अशी ती विभागणी आहे. बैलाला स्वतःची नजर असते. खड्डा तो आपण होऊन टाळतो, आणि रात्री कासरा सैल धरून पेंगणाऱ्या धन्यालाही घरी आणून सोडतो. मोटारसायकलीला ही नजर नाही. डुलकी, मद्य, वा हातातील भ्रमणध्वनी ह्यांमुळे स्वाराचे लक्ष सुटले तर ते लक्ष दुसरे कोणी भरून काढीत नाही.

तरीही गाडी आपण होऊन काही करते अशी वाक्यरचना अपघाताच्या कथनात सतत आढळते: 'गाडी घसरली', 'ब्रेक लागला नाही', 'रोही आडवा आला', 'अपघात झाला'. ही सर्व वाक्ये अकर्मक असून चालविणाऱ्याचा त्यांत उल्लेखच नाही. दुःखाच्या प्रसंगी कोणास दोष न देणारी ही रचना सौजन्याची आहे, आणि घरी तिचा मान राखावा हेच योग्य. शिकण्याच्या दृष्टीने मात्र ती निरुपयोगी ठरते. 'गाडी घसरली' ह्या वाक्यातून पुढच्या खेपेसाठी काहीच हाती लागत नाही. 'वळणात चिखलावर पुढचा ब्रेक दाबला, म्हणून घसरली' ह्या वाक्यातून सर्व काही लागते. शिकविणाऱ्याने लहानशा पडण्यानंतर रागावण्यापूर्वी हे दुसरे वाक्य मुलाकडून वदवून घ्यावे.

ह्या भागातील रस्त्यांवर अशी कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती डांबरावर येते आणि ओली झाली की साबणासारखी होते. सोयाबीन निघाल्यावर काही ठिकाणी ते रस्त्यावरच वाळत घालतात. गोल दाण्यांवर चाकाला पकड मिळत नाही. तिन्हीसांजेनंतर रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात, आणि पाठीमागे दिवा नसलेली ट्रॉली वा बंडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पहिले काही महिने नवशिक्याने अंधारात आणि पावसात गाडी काढू नये, हा नियम घरानेच घालावा. वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीस मुळातच मज्जाव आहे.

६. कायद्याची भाषा आणि बोलीची भाषा

शासकीय मराठीत 'शिरस्त्राण' आणि 'अनुज्ञप्ती' म्हणतात. लोक हेल्मेट आणि लायसन म्हणतात. 'शिकाऊ अनुज्ञप्ती' ह्या जोडीत 'शिकाऊ' हा अस्सल मराठी शब्द आहे, आणि त्याचाच अर्थ सर्वांत कमी मानला जातो. गियरच्या मोटारसायकलीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिकाऊ लायसन सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. त्या काळात पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावावे लागते, आणि शिकविणाऱ्या लायसनधारकाखेरीज कोणालाही मागे बसविता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास, २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

'हेल्मेट घातले' ह्या वाक्यातही एक उणीव राहते. टोपी घातली की क्रिया पुरी होते. हेल्मेट डोक्यावर ठेवल्याने ती पुरी होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे ते पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे लागते, आणि चार वर्षांवरील प्रत्येकास, म्हणजे मागे बसणाऱ्यासही, ते आवश्यक आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या आघातासरशी निघून जाते आणि दुसऱ्या आघाताच्या वेळी डोके उघडे असते. हेल्मेटच्या आतील जाड फेसाळ थर चिरडला जाऊन आघात शोषून घेतो. यास्तव ते भारतीय मानक ४१५१ चे चिन्ह असलेले असावे, आणि एकदा जोरदार आपटले की बाद करावे. घरात 'हेल्मेट बांध' असे म्हणण्याची रूढी पडली, तर 'घाल' ह्या शब्दातील ही उणीव भरून निघेल.

'डबलसीट' आणि 'ट्रिपलसीट' हे मराठीने स्वतः घडविलेले शब्द होत. 'ट्रिपलसीट' ह्या शब्दात तिसरे आसन आहे. गाडीवर ते नाही. कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. शब्द रूढ झाल्यामुळे ती गोष्टही एक रीतसर प्रकार असल्याचा भास होतो.

७. रस्त्यावरील हाक

ह्या विषयात मराठी समाजाची एक जमेची बाजू आहे. बाजूचे स्टँड न उचलता कोणी निघाला की अनोळखी माणसे ओरडतात: "स्टँड!" मागे बसलेलीची ओढणी वा पदर चाकाकडे लोंबत असेल तर "ताई, ओढणी!", "काकू, पदर!" ह्या उद्गारांत क्रियापद नाही. एक नाम, आणि वेळ असेल तर त्याआधी नात्याचे संबोधन. एवढ्याने संपूर्ण वाक्याचा अर्थ पोहोचतो. ओरडणारा आणि ऐकणारा एकमेकांस ओळखत नसताना नात्याचा शब्द येतो, हे विशेष.

ही हाक निरर्थक नाही. खाली राहिलेले स्टँड डाव्या वळणावर जमिनीस टेकते आणि गाडी उलटवू शकते. चाकात गुंतलेला पदर मागे बसलेलीस खाली ओढतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी लागते. जुन्या गाडीची जाळी काढून टाकली असल्यास ती पुन्हा बसवावी. हाक ऐकताच नवशिक्याने खाली वाकून पाहू नये. प्रथम वेग कमी करावा, डाव्या कडेला यावे, मग पाय लावून पाहावे.

अपघात झालेला दिसल्यास हीच आपुलकी कामास यावी. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, त्यास बसते करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४-अ ने कायद्याचे संरक्षण दिले आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून शिकविणाऱ्यासाठी काही वाक्ये निष्पन्न होतात: "क्लच सोडत जा." "गडबड झाली की क्लच." "ब्रेक अलगद, दोन्ही, वळणाआधी." "दुसरा घे." "मोकळ्या रस्त्याकडे बघ." "हेल्मेट बांध." ह्यांपैकी एकही वाक्य पारिभाषिक नाही आणि एकाही वाक्यास कोशाची गरज लागत नाही. वाहनशिक्षणाची मराठी पुस्तिका तयार करताना क्लच-ब्रेकच्या प्रतिशब्दांपेक्षा ह्या क्रियापदांच्या निवडीकडे अधिक लक्ष दिले, तर ती पुस्तिका केनवडच्या माळावर पुतण्याला गाडी शिकविणाऱ्या काकाच्याही उपयोगी पडेल.